सिस्टरला विचारा : फडावर गेलेलं लेकरू आणि राहिलेला डोस

मागच्या अंकात बाळाच्या पहिल्या वर्षाच्या लसींचा तक्ता दिला होता. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा (घटसर्प, डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकच सुई), पोलिओ, रोटा (जुलाबावरचे थेंब) आणि सोबतच्या. नऊ महिने भरल्यावर गोवर-रुबेला. मला वाटलं होतं, तारखांवर प्रश्न येतील. आलेल्या पत्रांत तारखा कमी आणि घरातले वाद जास्त निघाले. मी नोकरीभर बालाघाटाच्या डोंगरातल्या उपकेंद्रांवर एएनएम (गावाची आरोग्यसेविका) आणि नंतर एलएचव्ही (तिच्यावरची पर्यवेक्षिका) म्हणून काम केलं, त्यामुळं हे वाद मला नवे नाहीत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे. नावं कुणाचीच छापत नाही. आपल्याकडं सकाळी छापलेलं संध्याकाळी पारावर वाचलं जातं.

आम्ही धारूर तालुक्यातले. दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलो तेव्हा लेकरू दोन महिन्यांचं होतं. दीड महिन्याचं इंजेक्शन गावातच झालं होतं. तिकडं कोल्हापूरकडं फडावर होतो, पाडव्याला परत आलो. कार्ड गावाकडच्या पेटीतच राहिलेलं. आता लेकरू सात महिन्यांचं झालं. शेजारीण म्हणती, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल आणि सिस्टर रागावतील. म्हणून गेलेच नाही. (हे पत्र भाचीनं लिहून दिलं आहे.)

माय, आधी शेजारणीचं सोडा. काहीही पहिल्यापासून घ्यायचं नाही. घराचं काम पैशाअभावी चार महिने थांबलं म्हणून आपण पाया उकरून काढत नाही, राहिलेल्या भिंतीपासून पुढं बांधतो. लसीचंही तेच. झालेला डोस अंगात शाबूत असतो, उशीर झाला म्हणून तो वाया जात नाही. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात, एवढंच बंधन.

तुमच्या लेकराचं असं होईल. या महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी गेलात की पेंटाचा दुसरा, पोलिओचे थेंब आणि रोटाचा दुसरा मिळेल. पीसीव्ही (न्यूमोनियावरची) आणि दंडावर कातडीत देतात ती पोलिओची सुई, यांचेही दुसरे डोस राहिलेले असणार. ते कार्ड बघून सिस्टर तिथंच ठरवतील. चार आठवड्यांनी पेंटा, पोलिओ, रोटाचा तिसरा. मग नऊ महिने भरले की गोवर-रुबेला आणि व्हिटॅमिन ए. दसऱ्याला पुन्हा बिऱ्हाड बांधायच्या आत हे सगळं होऊन जातं. बूस्टर १६ ते २४ महिन्यांत कधीही चालतो. पुढच्या पाडव्याला तुम्ही परताल तेव्हा लेकरू १९ महिन्यांचं असेल, म्हणजे तोही गावातच होईल.

सिस्टर रागावतील का? काही रागावतात, खोटं कशाला सांगू. कामाचा ताण असतो, रजिस्टर भरायचं असतं, आणि समोर आलेल्या बाईवरच तोंड सुटतं. जी आली नाही तिला कोण बोलणार! तुम्ही ऐकून घ्या आणि डोस घेऊनच या.

आता जे माझ्या मनात आहे ते थोडं सविस्तर लिहिते, कारण बीडमधल्या धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर या भागांतून हाच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतो. आपल्याकडची बरीच लेकरं डोसाला मुकतात ती आईबापांचा लसीला विरोध असतो म्हणून नाही. लेकराच्या तारखा आणि गाळपाचा हंगाम एकमेकांवर येतात, म्हणून. पाऊसकाळात जन्मलेलं लेकरू अडीच-साडेतीन महिन्यांचं होतं तेव्हा आई फडावर असते. लसीकरणाच्या दिवशी तिनं अंगणवाडीत जायचं म्हटलं तर कोयत्याचा (ऊस तोडणाऱ्या जोडीचा) खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून (आगाऊ घेतलेल्या रकमेतून) कापले जातात. पहाटे अंधारात तोडणी, रात्री गाडी भरायची, मधल्या वेळात कोपीत (पाचटाच्या झोपडीत) भाकरी. अशा बाईला "जागरूक व्हा" म्हणून पोस्टर दाखवणं मला कधी जमलं नाही.

आणि धोका नेमका त्याच महिन्यांत जास्त. रोटाव्हायरसचे जुलाब आपल्या देशात थंडीत वाढतात, म्हणजे ऐन हंगामात. डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला सर्वांत घातक. इतकं लहान लेकरू त्यात नीट खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. कोपीत चुलीचा धूर, रात्रीचा गारठा, पाणी कॅनॉलचं. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही ज्या आजारांना अडवतात ते सगळे तिथंच टपलेले.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करा. कार्ड पेटीत न ठेवता सोबत न्या, आणि निघायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये काढून ठेवा. आता यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) मोबाईल नंबरानं नोंद होते. गावात जो नंबर दिला तोच तिकडं सांगा. सरकारी लस कोणत्याही जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही, फुकट मिळते. आधार नाही, रहिवासी नाही, कार्ड नाही, या कारणांनी लेकराला परत पाठवता येत नाही. गाडीतळावर उतरलात की पहिल्या आठवड्यात तिथली आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) कोण ते विचारा. वीटभट्ट्या, कारखान्याचे गाडीतळ, पालं या जागा लसीकरणाच्या आराखड्यात वेगळ्या नोंदवायच्याच असतात, पण तुमची टोळी आलीय हे तिला कुणीतरी सांगायला लागतं.

हे सांगायचं काम मुकादमाचं असावं, असं माझं जुनं म्हणणं आहे. कोणत्या कोयत्याची उचल किती, फिटली किती, हे त्याच्या वहीत पैशापैशाचं असतं. त्याच वहीच्या मागच्या पानावर टोळीतली पाच वर्षांखालची लेकरं आणि त्यांच्या पुढच्या डोसाची तारीख लिहायला किती शाई लागेल? आणि लसीच्या दिवशी आईचा अर्धा दिवस खाडा धरू नये. हे पत्र एखाद्या मुकादमानं वाचलं तर त्यानं मला लिहावं, त्याची बाजूही छापू.

मी जालना जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. माझ्या आईला नऊ अपत्ये झाली. एकालाही लस नव्हती. आम्ही पाचही भावंडे आज सत्तरीच्या आसपास असून खणखणीत आहोत. माझ्या नातवाला वर्षाच्या आत इतक्या सुया टोचल्या, तरी त्याला सर्दी असतेच. या लसींचा खरोखर उपयोग आहे, की औषध कंपन्यांचा?

गुरुजी, तुमचंच पत्र परत वाचा. आईला नऊ झाली आणि भावंडं पाच. मधल्या चौघांचं काय झालं हे तुम्ही लिहिलं नाही, आणि बहुतेक तुम्हाला ते कुणी नीट सांगितलंही नसेल. त्या काळी बायका तेवढंच सांगायच्या, "नऊ झाली, पाच हाताला लागली." वाचलेल्यांना विचारलं तर कुणीही म्हणणार की आम्ही वाचलो.

१९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ वर्षाच्या आत जात होती, म्हणजे आठातलं एक. २०२० साली तोच आकडा २८ होता, आणि महाराष्ट्राचा १६. हे नमुना नोंदणीचे सरकारी आकडे आहेत, औषध कंपन्यांचे नव्हेत.

हे सगळं लसीनं केलं का? नाही. तसं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो माझ्या खात्यातला असला तरी. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, मीठ-साखरेच्या पाण्याची म्हणजे ओआरएसची पुडी गावात आली, न्यूमोनियाला औषध मिळालं, पोरींची लग्नं थोडी उशिरा व्हायला लागली, हापसे आले, दोन लेकरांत अंतर पडलं. लसीचा वाटा किती, याचा जगभराचा हिशोब २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७४ साली लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला, त्याच्या ५० वर्षांचा तो हिशोब. त्यात अंदाज असा, की लसींमुळं १५ कोटी ४० लाख जीव वाचले, त्यातले सुमारे १० कोटी वर्षाच्या आतले होते. जगातले वर्षाच्या आतले बालमृत्यू जेवढे घटले त्या घटीतला ४० टक्के वाटा लसींचा. वाचलेल्या जिवांतले सर्वांत जास्त, ९ कोटींवर, एकट्या गोवराच्या लसीनं वाचवलेले.

आपल्याकडं हा विस्तारित कार्यक्रम १९७८ला आला आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण म्हणून टप्प्याटप्प्यानं सगळ्या जिल्ह्यांत गेला. म्हणजे तुमची मुलं लहान होती त्या सुमाराला. तुमच्या भावंडांना ती मिळणं शक्यच नव्हतं, यात त्या माउलीचा दोष नाही.

सर्दीचं म्हणाल तर सर्दीवर लस नाही, ती अजून कुणी काढलेली नाही. नातू सर्दीनं बेजार आहे म्हणजे ठीक चाललंय. घटसर्पानं घसा धरलेलं लेकरू तुम्ही बघितलं नाही हे चांगलंच आहे. मी बघितलंय. मान सुजलेली, घशात राखाडी पडदा, आणि श्वासाचा तो आवाज. शेवटी एक विनंती: नातवाला पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) बूस्टर चुकवू देऊ नका. घटसर्प गेला असं लोकांना वाटतं, पण तो गेलेला नाही. आता तो बूस्टर चुकलेल्या मोठ्या मुलांत दिसतो.

ताई, आमचं पहिलं बाळ. कळंबजवळच्या गावात राहतो. बायकोला गरोदरपणात दोन्ही टीटी दिले, बाळाला जन्मल्यावर सगळ्या लसी दिल्या. वजन १ किलो ८०० होतं. अकराव्या दिवशी दूध ओढेना, गार पडलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. लस दिली होती ना, मग का गेलं? घरात कुणी बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारतो.

दादा, तुम्ही जे करायचं ते केलं होतं. ते डोस वाया गेले नाहीत आणि त्यांनी बाळाला काही अपायही केला नाही. ज्या कारणानं बाळ गेलं असावं त्या कारणावर लसच नाही. मी बाळाला बघितलेलं नाही, त्यामुळं खात्रीनं काही सांगता येणार नाही. पण कमी वजनाचं बाळ, दूध ओढायचं थांबणं आणि अंग गार पडणं ही बहुतेक वेळा रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची खूण असते. एवढ्या लहान जिवाला तो काही तासांत घेऊन जातो.

वर गुरुजींना २८ हा आकडा सांगितला. त्या हजारामागच्या २८ मधली २० बाळं पहिल्या २८ दिवसांतच गेलेली असतात, आणि त्यातली १५ पहिल्याच आठवड्यात. पूर्वी मरण वर्षभर पसरलेलं होतं. चौथ्या महिन्यात डांग्या खोकला, आठव्या महिन्यात जुलाब, दहाव्यात गोवर आणि पाठोपाठ न्यूमोनिया. लसींनी ते मागचे महिने बरेच मोकळे केले. राहिलं ते पहिल्या महिन्यात गोळा झालं: कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग. इथं लसीचा हात फारसा पोचत नाही.

एका ठिकाणी मात्र पोचला. तुमच्या बायकोला जे टीटी दिलं (आता टीडी देतात), त्यानं बाळाला आईच्या पोटातच धनुर्वाताचं संरक्षण मिळतं. माझ्या आधीच्या पिढीतल्या दाया नाळ विळ्यानं कापायच्या आणि वर शेण नाहीतर राख लावायच्या. सटवाईची पूजा होते ना होते तोच बाळाचा जबडा धरायचा, दूध बंद, आणि हात लावला की अंग ताठ. घरचे म्हणायचे, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. ते मरण आपण जवळपास संपवलं. आई आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात आटोक्यात आल्याचं २०१५ साली जागतिक पातळीवर मान्य झालं.

पुढच्या बाळासाठी हे लक्षात ठेवा. आत्ता वाचवत नसेल तर पान दुमडून ठेवा. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर त्याला आईच्या नाहीतर तुमच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं, दिवसातले जितके तास जमेल तितके बांधून ठेवायचं. बापालाही हे करता येतं, आणि करावं. पहिल्या तासात आईचं दूध. गुटी, मध, साखरपाणी काही नाही. आशाताई घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या आल्या की बाळाला गुंडाळलेलं दाखवू नका. उघडं करून, वजन करून, श्वास मोजून बघायला लावा. अशा घरभेटींनी काय होतं ते गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं दाखवलं. गावातल्याच शिकवलेल्या बायांनी घरी जाऊन काळजी घेतल्यावर तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं आणि पुढं देशभर आशांच्या कामात आलं.

दूध न ओढणं, गार पडणं किंवा तापणं, मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा: यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन करा आणि नवजात बालकांचा विशेष कक्ष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. वाटेतही बाळ छातीशीच ठेवा.

आणि घरात कुणी बोलत नाही म्हणता, तर तुम्ही बोला. बायकोशी आधी. तिला वाटत असणार की तिचंच काही चुकलं.

मी आशा आहे, परभणी जिल्हा. शेजारच्या गावात पेंटा दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी बाळ गेलं असं लोक म्हणतात. आता माझ्या वस्तीवर सात घरं लस नको म्हणून बसली आहेत. मी काय सांगू?

पहिली गोष्ट, "तसं काही झालंच नाही" असं सांगू नका. बाळ गेलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या घराला आधी भेटून या, लसीचा विषय न काढता.

मग सात घरांशी बोलताना हे सांगा. लसीनंतर असं काही घडलं की त्याची नोंद करून जिल्ह्याच्या समितीकडून चौकशी व्हावी लागते, शवविच्छेदनही करायला सांगतात. लसीची तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत एखाद्याला होते आणि ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. म्हणून सुई झाल्यावर अर्धा तास बसवून घ्यायचं, आणि त्यावरचं इंजेक्शन सिस्टरच्या पेटीत असतं. उरलेल्या बऱ्याच घटनांत लस आणि मरण एकाच आठवड्यात येतं, कारण आपण लस देतो तेच वय बाळाच्या सर्वांत नाजूक महिन्यांचं. हे खरं आहे, पण दुःखातल्या माणसाला ते ऐकवायचं कसं ते तुम्ही ठरवा. आकडेवारी घेऊन दारात उभं राहू नका.

चूक होऊच शकत नाही असंही म्हणू नका. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस पावडरीत असते, तिच्यात द्रव मिसळला की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची. जास्त वेळ ठेवली तर तिच्यात जंतू वाढतात आणि त्यानं बाळं दगावलेली आहेत. म्हणून कुपीवर फोडल्याची वेळ लिहिलेली असते. आईबापांना ती कुपी दाखवा, वेळ वाचायला लावा, सिरिंजचं पाकीट त्यांच्यासमोर फाडा. संशय घेणाऱ्या माणसाला तपासायला दिलं की तो निम्मा आपल्या बाजूला येतो, असा माझा अनुभव.

आणि एक गोष्ट सांगायची तर जपानची सांगा. १९७४-७५च्या हिवाळ्यात तिथं डीपीटीनंतर दोन बाळं गेली. लोक घाबरले, सरकारनं लस काही काळ थांबवली, नंतर दोन वर्षांच्या पुढंच द्यायला लागले. ८० टक्के बाळांना मिळणारी लस १० टक्क्यांवर आली. १९७४ साली तिथं डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली रुग्ण १३ हजार आणि मृत्यू ४१. पुढं त्यांनी सौम्य प्रकारची लस आणली आणि खोकला पुन्हा आटोक्यात आला. शिकलेला, स्वच्छ, पैसेवाला देश, तरी पाच वर्षांत ही गत.

सातही घरं एकदम वळणार नाहीत. ज्या घरातली आजी ऐकते तिथून सुरुवात करा.

गोवर म्हणजे देवी अंगात आलेली. सुई टोचली तर ती कोपते, असं सासूबाई म्हणतात. नवव्या महिन्याची लस घ्यायची का? — रेणापूर

घ्यायची. आणि सासूबाईंचं सगळंच मोडीत काढू नका. गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात, बाहेरचं माणूस घरात घेत नाहीत. हे उत्तम आहे. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, आणि रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहतो. म्हणजे डहाळा बांधणाऱ्या बाईला काहीतरी कळलं होतं. फोडणी देऊ नये म्हणतात, नका देऊ. पण लेकराला दूध-पाणी तोडणं, आंघोळ बंद, दवाखाना बंद, हे मात्र मानायचं नाही. गोवरात लेकरू पुरळानं मरत नाही. मागून येणारा न्यूमोनिया आणि जुलाब मारतात, आणि व्हिटॅमिन ए संपल्यानं डोळे जातात. म्हणून गोवर निघालेल्या लेकराला दवाखान्यात लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन ए देतात.

आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञांना अलीकडं, २०१९ साली, नीट कळली. गोवर होऊन गेल्यावर लेकराच्या अंगात आधी तयार झालेली, दुसऱ्या रोगांविरुद्धची प्रतिद्रव्यंही नष्ट होतात. कुणाची ११ टक्के, कुणाची ७३ टक्क्यांपर्यंत. जुन्या बाया म्हणायच्या, गोवर झाल्यापासून लेकरू सावरलंच नाही. ते खरंच होतं. लसीनं असं होत नाही.

२०२२च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला होता, लेकरं गेली होती. गोवर थोपवायला शंभरातल्या ९५ जणांना दोन्ही डोस लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१च्या, महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेली मुलं शंभरात चौऱ्याहत्तरच्या आसपास होती. त्याच्या आधीच्या पाहणीत तर छप्पन. तेव्हा सासूबाईंना देवीचा नैवेद्य करू द्या आणि त्याच दिवशी लेकराला घेऊन अंगणवाडीत जा. दोन्ही होतं. मी लातुराकडं कितीतरी घरांत होताना बघितलंय.

पेंटानंतर मांडीला गाठ आणि ताप आला. खासगीत बिनतापाची मिळते म्हणे. ती चांगली का?

ताप एक-दोन दिवस, गाठ काही दिवस. गाठ चोळायची नाही, शेकायची नाही, हळद-चुना लावायचा नाही. तापाचं औषध वजनावर ठरतं. सिस्टरनं सांगितलं तेवढंच. ताप १०२च्या वर गेला, झटका आला किंवा तीन तासांच्या वर किंचाळून रडत राहिलं तर दाखवा. बिनतापाची मिळते, खरं आहे. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक तुकडे असतात, सरकारी लसीत मारलेला अख्खा जंतू. सरकारीनं ताप जास्त येतो, पण तिचं संरक्षण जास्त टिकतं. हजारो रुपये वाचवा. माझ्या नातवंडांना सरकारीच दिली.

उन्हाळ्यात आमच्या गावात आठ-आठ तास लाईट नसते. लस खराब होत नसेल का? — एक सरपंच, भूम तालुका

लस गावात ठेवलेलीच नसते. ती पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) आयएलआर फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत असते, आणि तो फ्रीज लाईट गेल्यावरही बर्फाच्या अस्तरानं बराच वेळ गारवा धरतो. तुमच्याकडं ती त्याच दिवशी आईस पॅकच्या डब्यातून येते. तरी शंका असेल तर कुपीवरचा गोल बघा. त्याच्या आत एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही सारखे किंवा चौकोन जास्त गडद असेल तर परत पाठवा. सरपंच म्हणून तुमचं काम दुसरंच आहे: लसीच्या दिवशी अंगणवाडीत पंखा, पिण्याचं पाणी आणि आयांना बसायला सतरंजी. एप्रिलात पत्र्याखाली अर्धा तास थांबा म्हटलं की बाया लेकरू घेऊन निघून जातात.

सर्दी-खोकला असताना लस द्यावी का?

द्यावी. जोराचा ताप किंवा दवाखान्यात भरती असेल तरच थांबावं.

सुनेचं बाळंतपण माहेरी झालं, तिकडं एक कार्ड आणि इकडं दुसरं. दोन्हींवर वेगवेगळे डोस. मुलगी आता साडेपाच वर्षांची आहे.

दोन्ही कार्डं घेऊन उपकेंद्रात जा, एकावर सगळं उतरवून घ्या आणि जुनं फेकू नका, शाळेत लागतं. तिचा दुसरा डीपीटी बूस्टर पाच ते सहा वर्षांत असतो. तो या महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशीच घ्या.